डेअरीचं छत आणि बारा व्होल्टचा मी

दोन्ही हातांच्या पंजांत मावेन एवढाच माझा देह आहे. वजन एखाद्या लहानशा कलिंगडाएवढं. पण म्हणून मला कमी समजू नका. माझ्या पोटात रबराचा एक पडदा आहे. मोटर फिरली की तो भराभर मागंपुढं हलतो. मागं गेला की पाणी आत येतं, पुढं आला की बाहेर जातं. आतल्या लहानशा झडपा पाण्याला उलटं फिरू देत नाहीत. एवढीच माझी सगळी विद्या. घरातली वीज मला लागत नाही. ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी मला पुरते. मी पडद्याचा पंप.

माझा जन्म या मातीतला नव्हे. बहात्तरच्या दुष्काळात आपल्याकडं बोअर पाडायला परदेशातून मोठमोठ्या गाड्या आल्या. त्यातल्या एका गाडीमागं कामगारांना राहायला चाकावरची खोली जोडलेली होती. त्या खोलीतल्या नळाला पाणी पुरवायचं, हे माझं पहिलं काम. दिवसभर खडक फोडून आलेली माणसं माझ्या पाण्यानं तोंड धूत. बाहेर घागरी घेऊन बायांची रांग उभी असायची आणि आत मी साबणाचा फेस वाहून न्यायचो. माझ्या कामाची मला तेव्हा थोडी लाजच वाटायची.

दोन वर्षांनी ती माणसं गेली. खोली मोडीत निघाली. भंगारवाल्याच्या पोत्यातून मी नळदुर्गला ईरण्णाच्या दुकानात येऊन पडलो. ईरण्णाचं हायवेलगत बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. त्यानं मला शेजारच्या ढाब्यावर हात धुवायच्या टाकीला बसवलं. ट्रकवाल्यांचे तेलकट हात मी पाच-सहा वर्षं धुतले. मग माझ्या पडद्याला चीर पडली आणि माझी रवानगी फळीवर झाली. एका बाजूला ॲसिडची बरणी, दुसऱ्या बाजूला जळके सेल्फ-स्टार्टर. येणारा जाणारा मला हातात घ्यायचा, उलटंपालटं करायचा, ‘लई भारी माल हाय’ म्हणायचा आणि परत तिथंच ठेवायचा. माणसांची ही सवय मी फार बघितली. कौतुक करायला वेळ असतो, कामाला लावायला नसतो.

शहाऐंशीच्या एप्रिलमध्ये एक बाई दुकानात आल्या. वय पस्तिशीचं, पायात टायरच्या चपला, काखेत कापडी पिशवी. आल्या आल्या त्यांनी विचारलं, “ईरण्णामामा, बॅटरीवर चालून पाणी फवारंल असं कायतरी हाय का तुमच्याकडं? जोरानं न्हाय. हळू, पण लांब.”

ईरण्णा हातातलं काम खाली ठेवत म्हणाला, “बस की अक्का. काय फवारायचंय?”

“डेअरीचं छत धुवायचंय.”

त्या होत्या सुमनबाई. शेलगव्हाणच्या दूध सोसायटीत टेस्टर. मग त्यांनी बाकड्यावर बसून जे सांगितलं, ते मी फळीवरून ऐकलं. तेच तुम्हाला सांगतो.

दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली होती. रानात काही उभं नव्हतं. शेलगव्हाणला आधार होता तो दुधाचा. मराठा, लिंगायत, धनगर, बौद्ध वस्ती, ज्याच्या दारात जे जनावर होतं त्याचं दूध सकाळी सोसायटीत यायचं. सुमनबाई स्वतः बौद्ध वस्तीतल्या. सातवी पास. जिल्ह्याच्या दूध संघानं आठ दिवसांचं ट्रेनिंग दिलं होतं. सकाळी सहाला त्या गल्ल्यावर बसल्यासारख्या ठाम बसत. प्रत्येकाचं दूध हुंगायचं, चमचाभर उकळून बघायचं, पाणी मिसळलंय का बघायला लॅक्टोमीटर लावायचा आणि मगच ते कॅनात ओतायचं. एकदा ओतलं की कुणाचं दूध कुठलं, हे देवालासुद्धा सांगता येत नसे. सुमनबाईंना त्या कॅनाचं हेच मोठं वाटायचं.

कॅन ठेवायची खोली होती सिमेंटच्या पत्र्यांची. फरशी आणि सांडपाण्याची नाली असलेली दुसरी खोली गावात नव्हती आणि संघाचा नियम तसाच होता. सकाळी सातला कॅन भरायचे. दूध न्यायची गाडी पूर्वी आठला यायची. दुष्काळात दूध कमी झालं, गाडीचा फेरा लांबला, ती अकराला येऊ लागली. आणि मार्च सरताना दूध नासायला लागलं. आठवड्यातून दोनदा, मग तीनदा. संघाच्या विरुपाक्ष साहेबांनी निरोप धाडला, महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर शेलगव्हाणचं केंद्र बंद.

गावानं बैठक बोलावली. चेअरमन होते उत्तरेश्वरराव. माणूस वाईट नव्हता, पण अडचण आली की सोपी वाट धरायचा. बैठकीत मागून कुणीतरी म्हणालं, वस्तीवरच्या भांड्यांचा भरवसा नाही. दुसऱ्यानं मान डोलावली. आणि उत्तरेश्वररावांनी सांगून टाकलं, “उद्यापास्नं वस्तीचं दूध येगळ्या कॅनात घ्या. खोलीत जागा न्हाय. तुमच्याकडंच ठिवा, गाडी आली की आणून द्या.”

सुमनबाई तिथंच उभ्या होत्या. तेच दूध रोज त्यांनी स्वतः तपासून घेतलेलं होतं. नवरा बलभीम घरी गेल्यावर चिडला, “आपण दूधच घालायचं बंद करू.” तर त्या म्हणाल्या, “बंद केलं तर त्येंचंच खरं ठरंल.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वस्तीचा कॅन आपल्या घरात ठेवला. घर माळवदाचं, मातीच्या जाड छताचं. कोपऱ्यात ओली वाळू पसरली, कॅनाला ओलं गोणपाट गुंडाळलं. अकराला गाडी आली. वस्तीचा कॅन पास झाला. खोलीतल्या तीन कॅनांपैकी दोन परत आले. चार दिवस हेच झालं. चौथ्या दिवशी खोलीतलं सगळंच दूध गटारात ओतावं लागलं आणि वस्तीचं तेवढं गाडीत चढलं.

मग सुमनबाईंनी स्वतः बैठक बोलवायला लावली.

“चेअरमनसाहेब, दूध माणूस बघून नासत न्हाय,” त्या म्हणाल्या. “त्येला ऊब लागली की नासतं. साडेधाला म्या खोलीत दुधाचं थर्मामीटर टांगलं व्हतं. त्रेचाळीस. माज्या घरात बत्तीस. छत बघा कसं झालंय. शेवाळ वाळून काळं ठिक्कर. काळा तवा डोक्यावर घेऊन दूध बसलंय.”

“गेल्या साली चुना दिला व्हता की,” कुणीतरी म्हणालं.

“दिला व्हता. काळ्या थरावरच दिला. महिन्यात पापुद्रं निघून गेलं. आदी थर काढाय पायजे, मग चुना धरतो.”

उत्तरेश्वरराव म्हणाले, “पत्र्यावर चढणार कोण? मागं एकानं पाय दिला तर पत्रा फुटून खाली आला. घासाय गेलं तरी तडकतो. आन् धुवाय पाणी कुठंय? प्यायला टँकर येतोय.”

“चढायचं न्हाय, घासायचं न्हाय. शिडीवरनं फवारायचं. दोन बॅरल पाण्यात बसवते.”

तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या लक्ष्मीबाई बोलल्या. त्या उत्तरेश्वररावांच्या आई, गावात त्यांचा शब्द चालायचा. “उत्तऱ्या, माज्या म्हशीचं बी दूध चार दीस नासलं. माजा कॅन का न्हाय येगळा केलास?”

मग त्याच पुढं म्हणाल्या, “आपल्या हिरीत तळाला पाणी हाय. दोन बॅरल म्या देते.”

सुमनबाईंनी त्याच वेळी आपलं म्हणणं मांडलं. “छत म्या धुते. पर छत धुतल्यावर कॅन एकच.”

“आदी धुवा, मग बगू,” उत्तरेश्वरराव म्हणाले.

“बगू न्हाय. व्हय म्हणा.”

आईकडं एकदा बघून ते म्हणाले, “व्हय.”

हे सगळं सांगून झालं तेव्हा ईरण्णाच्या हातातला चहा गार झाला होता. तो उठला, स्टुलावर चढला आणि त्यानं मला फळीवरून खाली काढलं. सहा-सात वर्षांत पहिल्यांदा मला कुणी कामासाठी हात लावत होतं.

त्यानं माझे सहा स्क्रू सोडले. फाटका पडदा काढून टाकला. ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून मऊ तुकडा निवडला, माझ्या मापाचा गोल कापला, भोकं पाडली. झडपा रॉकेलनं धुतल्या. मग दोन वीतभर तारांनी मला बॅटरीला जोडलं आणि नळी बादलीत सोडली. मी आधी खोकलो, मग घरघरलो आणि मग पाण्याची धार समोरच्या ट्रकच्या टपापर्यंत गेली. सुमनबाई हसल्या. त्या दिवसांत त्या पहिल्यांदाच हसत असाव्यात.

“लक्षात ठिव अक्का,” ईरण्णा म्हणाला, “ह्यो ढकलायला वाघ हाय, ओढायला मांजर. पाण्याजवळ ठिव. आन् हा बल्ब घे, बॅटरीत जीव हाय का न्हाय ते बगायला.” त्यानं दोन तारा जोडलेला गाडीचा एक बल्ब त्यांच्या पिशवीत टाकला. मला गोणपाटात गुंडाळून त्यांनी एस.टी. पकडली.

शेलगव्हाणला मी पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी चारला काम काढलं. ऊन कललेलं होतं. तापल्या पत्र्यावर शेवाळ मारायचं औषध टाकलं तर ते मुरायच्या आधीच सुकतं, हे सुमनबाईंनी ताडलं होतं. कॅन बाहेर काढून खोली मोकळी केली, दाराला ओलं गोणपाट लावलं. एका बॅरलमध्ये ब्लीचिंग पावडर कालवली, दुसऱ्यात साधं पाणी. बॅटरी होती उत्तरेश्वररावांच्या ट्रॅक्टरची. पण ती काढून द्यायला ते तयार नव्हते. “ट्रॅक्टरवरच राहू द्या. तिथनंच तार वढा.” ट्रॅक्टर उभा होता रस्त्याच्या कडेला. तिथून डेअरीपर्यंत साठ फूट तार लागली. कुणीतरी घरातल्या बल्बची बारीक वायर आणून दिली. मला शिडीच्या वरच्या पायरीला बांधलं. म्हणजे छताच्या जवळ राहीन, असा सगळ्यांचा हिशेब; ईरण्णाचा ‘पाण्याजवळ ठिव’ त्या गडबडीत सुमनबाईंच्याही ध्यानात राहिला नाही.

गाव जमलं होतं. बलभीमनं तार जोडली.

मी सगळा जोर लावला. पण जोर लावायला अंगात काही येतच नव्हतं. पडदा कसाबसा हलत होता. बॅरल खाली, मी वर, पाणी माझ्यापर्यंत येईना. आलं तेव्हा तोंडातून हातभर पिचकारी उडाली आणि शिडीवर उभ्या सुमनबाईंचं लुगडं भिजलं. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, “म्हातारा जोरात थुंकला तर ह्याच्यापेक्षा लांब जाईल.” मला त्या क्षणी फळीवरची ॲसिडची बरणी बरी वाटली.

उत्तरेश्वरराव म्हणाले, “सुमनबाई, ऱ्हाऊ द्या. पाणी वाया जातंय.”

सुमनबाई शिडीवरून उतरल्या. रागानं नाही, रोज दूध तपासतात तशा शांतपणे. त्यांनी पिशवीतून ईरण्णाचा बल्ब काढला. ट्रॅक्टरपाशी जाऊन बॅटरीला लावला. बल्ब लख्ख पेटला. मग तोच बल्ब साठ फुटांवर, तारेच्या दुसऱ्या टोकाला लावला. बल्ब निखाऱ्यासारखा लाल, मलूल. त्यांनी बारीक तारेवर हात फिरवला. तार कोमट झाली होती.

“हितं या चेअरमनसाहेब, बगा,” त्या म्हणाल्या. “बॅटरी भरलेली हाय. पर करंट एवढ्या बारीक वाटंनं येता येता वाटंतच खपतोय. पंपाच्या पदरात उष्टं पडतंय. पंपात खोट न्हाय.”

दोनदा त्यांनी बल्ब इकडून तिकडं लावून दाखवला. न समजण्यासारखं काही नव्हतं.

“पंप खाली पाण्यापाशी घ्या, बॅटरी त्येच्याजवळ आणा. तार वीतभर ठिवा, पर जाड. नळी लांब झाली तर चालंल. पाण्याला ह्यो ढकलंल.”

उत्तरेश्वरराव कुणाला न सांगता ट्रॅक्टरकडं गेले, पाना घेतला आणि स्वतः बॅटरी सोडवली. धोतराचा सोगा खोचून दोन्ही हातांनी ती पोटाशी धरून त्यांनी डेअरीपर्यंत आणली. ॲसिडचा एक थेंब त्यांच्या धोतरावर पडला. पुढं कितीतरी महिने ते भोक ते लोकांना दाखवत असत.

मग माझी मांडणी झाली ती अशी. बॅरल दोन दगडांवर चढवलं. मी त्याच्या बुडाशी, जमिनीवर. बॅटरी माझ्या शेजारी, सेल्फला असते तसल्या जाड केबलचे तुकडे मध्ये. ओढायची नळी दीड हात. ढकलायची नळी जाड आणि लांब, ती सुमनबाईंच्या हातात, शिडीवर. बलभीमनं ओढायच्या नळीच्या तोंडाला सुतळी आणि ग्रीस लावून सांधा घट्ट केला. नाहीतर मी पाण्याऐवजी वारा पितो.

तार जोडली. अंगात बारा व्होल्ट आले आणि मला माझी ओळख पटली. घर्रर्र असा एकसारखा आवाज निघाला. नळीतून पाणी वर चढलं आणि तोंडातून पंख्यासारखं पसरत पत्र्यांच्या आढ्यापर्यंत जाऊन पडलं. मारा नाही, आदळआपट नाही. पत्र्याला कळलंही नसेल की आपल्यावर पाणी पडतंय. पण काळा थर पिऊ लागला. आता कुणी हसत नव्हतं.

अर्धं छत झालं आणि मी अडखळलो. खडखड असा कोरडा आवाज, जोर एकदम गेला. गर्दीत कुजबुज झाली. सुमनबाईंनी हात वर करून थांबायला सांगितलं. खाली येऊन त्यांनी तार काढली, माझं तोंड उघडलं. झडपेखाली ब्लीचिंग पावडरचा एक न विरघळलेला खडा बसला होता, जोंधळ्याच्या दाण्याएवढा. त्यांनी तो नखानं काढला आणि कुणालाही न विचारता डेअरीतलं दूध गाळायचं नवं फडकं आणलं, दुहेरी केलं आणि ओढायच्या नळीच्या तोंडाला बांधलं.

“दूध गाळून घेतो, पाणी का गाळू नये?” एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर मी थांबलो नाही. छताचं एक पाखं, म्हणजे एका बाजूचा उतार, झालं, शिडी फिरवून दुसरं झालं. अर्धा तास औषध मुरू दिलं. मग साध्या पाण्याचं बॅरल जोडलं. छतावरून चहाच्या रंगाचं पाणी पन्हाळीला आलं, आधी दाट, मग पातळ, मग निवळ. आणि त्या खालून पत्रा दिसू लागला. राखी, स्वच्छ, नवा आणल्यासारखा. लक्ष्मीबाईंनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. “अगं बया, ह्यो असा रंग व्हता व्हय ह्येचा?”

दीड बॅरलमध्ये काम संपलं. उरलेलं अर्धं बॅरल लोक मागू लागले. पाण्याची टंचाई होती, मागणारच. सुमनबाईंनी त्यातली एक बादली बाजूला काढली आणि ती मला पाजली. माझ्या पोटातलं ब्लीचिंगचं पाणी धुऊन निघेपर्यंत त्यांनी मला चालवलं. “ह्येनं आपलं काम केलं, आता ह्येचं तोंड धुवाय नको?” असं त्या बलभीमला म्हणाल्या. दुष्काळात बादलीभर पाणी एका यंत्रासाठी बाजूला काढणारी ती बाई. ते पाणी मी आजतागायत विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी लांब बांबूला गोणपाट बांधून चुना दिला. चुना मात्र माझ्यातून घातला नाही, झडपा बंद झाल्या असत्या. धुतलेल्या पत्र्यावर चुना असा बसला की वाऱ्यानं हलेना. तिसऱ्या दिवशी साडेदहाला सुमनबाईंनी खोलीत तेच थर्मामीटर टांगलं. छत्तीस. खोलीत ओली वाळू पसरली, ओली गोणपाटं कॅनांना गुंडाळली. अकराला गाडी आली. पहिल्या दिवशी दूध पास. दुसऱ्या दिवशी पास. तिसऱ्या दिवशी विरुपाक्ष साहेब स्वतः आले, त्यांनी परीक्षानळीत दूध उकळून, उजेडात धरून धरून बघितलं. एक कण फुटला नाही.

“काय केलंत?” त्यांनी विचारलं.

उत्तरेश्वरराव म्हणाले, “आमच्या टेस्टरला इचारा.”

चौथ्या दिवशी सकाळची गोष्ट. मी डेअरीच्या कोनाड्यात होतो, म्हणून डोळ्यांनी बघितली. वस्तीचा वेगळा कॅन अजून दाराबाहेरच होता. कुणी आत घ्या म्हणत नव्हतं आणि सुमनबाईही मुद्दाम बोलत नव्हत्या. त्यांनी शब्द घेतला होता, आता तो पाळायची पाळी दुसऱ्याची होती. वस्तीवरच्या चार बाया दूध ओतून गेल्या. मग लक्ष्मीबाई आल्या, चरवी घेऊन. सुमनबाईंनी दूध तपासलं आणि आतल्या कॅनाकडं हात केला. लक्ष्मीबाईंनी तिकडं बघितलंच नाही. त्या बाहेर आल्या आणि आपली चरवी वस्तीच्या कॅनात उपडी केली.

“आता ह्यातलं माजं कुठलं त्ये दाखव रं,” त्या लेकाला म्हणाल्या.

रांगेतली माणसं खाली बघू लागली. उत्तरेश्वरराव पुढं आले, तो कॅन दोन्ही कानांना धरून उचलला आणि आत नेऊन इतर कॅनांच्या रांगेत ठेवला. “लिव्हा सुमनबाई,” ते म्हणाले, “कॅन नंबर चार. सोसायटीचा.” रांग पुढं सरकली. पुढच्या माणसानं आपलं दूध त्याच कॅनात ओतलं, कारण तोंड त्याचंच उघडं होतं.

सुमनबाईंनी पेन उचललं. वहीत ‘कॅन नंबर चार, सोसायटीचा’ असं लिहिलं. मग पुढच्या दुधात लॅक्टोमीटर त्यांनी नेहमीसारखाच सरळ धरला.

केंद्र राहिलं. आणि माझे दिवस फिरले. ईरण्णानं मला सोसायटीला देऊन टाकलं. “फळीवर बसून खात व्हता,” म्हणाला. आजूबाजूच्या सोसायट्या बोलावू लागल्या. डेअऱ्या झाल्या, शाळा झाल्या, दवाखाने झाले, एका गावातलं बियाणाचं गोदाम झालं. सुट्टीच्या दिवशी सुमनबाई मला पिशवीत घालून एस.टी.नं निघायच्या. प्रत्येक गावात पहिल्यांदा तेच व्हायचं. कुणीतरी मला बघून हसायचं, कुणीतरी विचारायचं, एवढ्याशानं काय होणार. सुमनबाई उत्तर देत नसत. बॅटरी जवळ मागत, पाणी गाळून घेत आणि तार जोडत. पाच मिनिटांत हसणारा माणूस शिडी धरायला पुढं आलेला असायचा.

सगळेच दिवस सोन्याचे नव्हते. सुमनबाई बरोबर नसताना लोक मला उसना न्यायचे. एकानं मला कोरडाच तासभर चालवला. एकानं पाणी वाचवायच्या नादात काम झाल्यावर धुतलं नाही आणि ब्लीचिंगनं माझा पडदा आठ दिवसांत कुरतडला. एकानं जोर वाढावा म्हणून दोन बॅटऱ्या एकापुढं एक जोडल्या, तेव्हा माझ्या मोटरमधून धूर आला आणि मला वाटलं, संपलं. प्रत्येक वेळी सुमनबाई मला नळदुर्गला घेऊन गेल्या, प्रत्येक वेळी ईरण्णानं मला उघडलं. माझ्या अंगात आता मूळचं फार थोडं उरलंय. पडदा चौथा आहे. मोटरची तार सोलापुरात गुंडाळलेली. एक झडप तर चपलेच्या रबराची आहे. पण धार तीच आहे.

आता एकोणनव्वद साल आहे. शेलगव्हाणच्या डेअरीला स्लॅबची पक्की खोली झाली. बर्फाच्या पाण्याची टाकी आली. तिथं माझं काम उरलं नाही. काही दिवस मी पुन्हा कोनाड्यात होतो. मग मागच्या आठवड्यात आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडून चांगुणाबाई आल्या. तिकडं बायकांनी नवी दूध सोसायटी काढलीय. चांगुणाबाई तिथल्या सेक्रेटरी, उंच, भराभर बोलणाऱ्या. सुमनबाईंनी त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं, मला उघडायला लावलं, बंद करायला लावलं, पुन्हा उघडायला लावलं. तिसऱ्यांदा चांगुणाबाईंनी डोळे मिटून माझे सहा स्क्रू बसवले, तेव्हा सुमनबाई म्हणाल्या, “आता न्या.”

माझं तुमच्याकडं एकच मागणं आहे. माझ्यासारखं लहान, जुनं काही तुमच्या घरात, दुकानात, सोसायटीत पडलेलं असेल, तर चालत नाही म्हणून त्याला टाकून द्यायच्या आधी एकदा बघा, त्याच्यापर्यंत पुरतं पोचतंय का. पुष्कळदा दोष आमच्यात नसतो.

आज सकाळी स्टँडवर वाशीची एस.टी. लागली. चांगुणाबाईंनी मला मांडीवर घेतलं. सुमनबाई खिडकीखाली उभ्या होत्या. त्यांनी माझ्या अंगावरचं गोणपाट नीट केलं, एक गाठ मारली. डोळे भरून वगैरे आले नाहीत त्यांचे. घड्याळात बघून म्हणाल्या, “चला, दूध तपासायचं ऱ्हायलंय,” आणि लगबगीनं डेअरीच्या वाटेला लागल्या.

मीही मागं वळून बघितलं नाही. चांगुणाबाई शेजारणीला सांगत होत्या, आमच्याकडं अकरा छतं काळी पडलीत. अकरा! माझा पडदा अजून चांगला मऊ आहे.